राखणीच्या कुत्र्याचा रोजचा आहार कसा ठरवावा

कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या चार नद्यांच्या पाण्यावर पोसलेला शिरोळ तालुका ऊस, भाजीपाला व दूध यांसाठी सर्वत्र ज्ञात आहे. या तालुक्यात मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी गाई-म्हशींच्या जोडीला एक तरी कुत्रा असतोच. उसाच्या फडात दडणारे कोल्हे व रानडुकरे, गोठ्यातील लहान वासरे, परड्यातील कोंबड्या, मोटारपंपाची पेटी व तारा या साऱ्यांची रात्रीची राखण त्याच्याकडेच असते. मेंढपाळांच्या वाड्यावर तर कुत्र्याविना एक रात्रही काढता येत नाही.

शिरोळ तालुक्यातील श्रीक्षेत्र नृसिंहवाडी हे दत्तसंप्रदायाचे मोठे स्थान होय. दत्तात्रेयांच्या चित्रात पायाशी चार श्वान दाखविलेले असतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. याच कृष्णेच्या वरच्या अंगास, साताऱ्याजवळ संगम माहुली येथे, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक आजही दाखविले जाते. कुत्र्याच्या इमानाविषयी आपल्याकडे आदर आहे. मात्र त्याच्या पोटाचा हिशेब क्वचितच कोणी करतो. दुभत्या म्हशीला वैरण किती, पेंड किती, हे शेतकरी अचूक सांगतो. कुत्र्याला किती, असे विचारल्यास उत्तर मिळते, “उरला भाकरतुकडा घालतो की!” उरलेला भाकरतुकडा किती असेल हे त्या दिवशी घरात किती माणसे जेवली यावर ठरते, कुत्र्याच्या गरजेवर ठरत नाही. हा हिशेब घरच्या घरी कसा करावा, हे येथे क्रमाने दिले आहे.

अपुऱ्या व अवाजवी आहाराचे परिणाम

अर्धपोटी कुत्रा राखण सोडून उकिरडे व खाटकाची जागा धुंडाळीत फिरतो. तेथे त्याची गाठ मोकाट कुत्र्यांशी पडते व चाव्यातून रेबीजसारखा प्राणघातक रोग मळ्यापर्यंत येण्याचा धोका वाढतो. उंदरांसाठी बांधावर ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष तो भुकेपोटी खातो आणि काही तासांत दगावतो. कच्ची आतडी व फुफ्फुसे खाल्ल्यामुळे त्याच्या पोटात जे जंत वाढतात, त्यांची अंडी त्याच्या विष्ठेवाटे अंगणात येतात. अर्धपोटी कुत्री व्याली तर तिला दूध पुरत नाही आणि पिल्ले एकामागून एक मरतात. अशा वेळी दोष दृष्टीला किंवा नशिबाला दिला जातो. खरे कारण बहुधा तिच्या ताटलीत असते.

याउलट, दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला घरातील प्रत्येक जण काही ना काही घालीत राहिल्यास तो लठ्ठ होतो. लठ्ठ कुत्र्याचे सांधे लवकर दुखावतात, उन्हाळा त्याला सोसत नाही व राखणीला तो निरुपयोगी ठरतो. सबब, कमी व जास्त हे दोन्ही प्रकार टाळणे इष्ट होय.

पहिली पायरी : वजन

कोणत्याही जनावराचा आहार ठरविताना प्रथम त्याचे वजन माहीत असावे लागते. कुत्र्याचे वजन करणे अवघड नाही. दूध संस्थेत किंवा खताच्या दुकानात जो सपाट काटा असतो, त्यावर प्रथम घरच्या माणसाने एकट्याने उभे राहावे व वजन टिपून घ्यावे. नंतर कुत्र्याला उचलून घेऊन पुन्हा उभे राहावे. दोन्ही वजनांतील फरक हे कुत्र्याचे वजन होय. उदाहरणार्थ, माणूस 62 किलो व कुत्र्यासह 78 किलो भरल्यास कुत्रा 16 किलोचा आहे. लहान पिल्लू पिशवीत बसवून ताणकाट्याला अडकविल्यास त्याचेही वजन होते.

कुत्रा फार हडकलेला किंवा फार सुटलेला असल्यास केवळ आजच्या वजनावर हिशेब करू नये. तो ज्या वजनाला असावयास हवा त्या वजनावर करावा. हे कसे ओळखावे, ते पुढे सांगितले आहे.

दुसरी पायरी : मूळ गरज

गाईला शरीरपोषणासाठी काही आहार लागतो व दुधासाठी त्यावर आणखी लागतो, हे तत्त्व शेतकऱ्यांस ठाऊक आहेच. कुत्र्याचेही तसेच आहे. तो सावलीत निवांत पडून असला तरी हृदय चालविणे, श्वास घेणे, अंग उबदार ठेवणे यांसाठी त्याची शक्ती खर्च होते. ही त्याची मूळ गरज होय. शक्ती मोजण्याचे माप म्हणजे उष्मांक.

वजन दुप्पट झाले म्हणजे मूळ गरजही दुप्पट होते, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो मात्र खरा नाही. जर्मनीतील मॅक्स रुब्नर या शास्त्रज्ञाने 1883 साली लहानमोठ्या कुत्र्यांच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते हे मोजले. लहान कुत्रा किलोमागे जास्त शक्ती खर्च करतो, असे त्यास आढळून आले. पुढे 1932 साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील कृषी संशोधन केंद्रात मॅक्स क्लायबर याने कबुतर व उंदीर यांपासून मेंढी, माणूस व बैल यांपर्यंतचे आकडे एकत्र मांडले आणि वजन व मूळ गरज यांचा संबंध सूत्रात बसविला. त्याच सूत्राच्या आधारे आजही पशुवैद्यक कुत्र्याचा आहार ठरवितात.

रीत अशी. कुत्र्याचे वजन किलोमध्ये घ्यावे. त्या आकड्याला त्याच आकड्याने दोनदा गुणावे, म्हणजे त्याचा घन काढावा. आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे व त्या वर्गमुळाचे पुन्हा वर्गमूळ काढावे. शेवटी 70 ने गुणावे. 16 किलोच्या कुत्र्याचे उदाहरण घेऊ. 16 चा घन 4096. त्याचे वर्गमूळ 64. 64 चे वर्गमूळ 8. 8 गुणिले 70 म्हणजे 560. या कुत्र्याची मूळ गरज रोज 560 उष्मांक होय.

वर्गमुळाचा खटाटोप टाळावयाचा असल्यास एक सोपी रीत आहे. वजनाला 30 ने गुणावे व त्यात 70 मिळवावे. 16 गुणिले 30 म्हणजे 480. त्यात 70 मिळविल्यास 550. दोन्ही उत्तरांत नाममात्र अंतर आहे. आपल्याकडील मध्यम वजनाच्या कुत्र्यांना ही सोपी रीत पुरेशी आहे. 25 किलोच्या पुढे मात्र ती थोडे जास्त उत्तर देते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी : कामाप्रमाणे वाढ

मूळ गरज काढल्यावर कुत्र्याची अवस्था व काम पाहून तिला पुढीलप्रमाणे गुणावे.

बहुतेक वेळ बांधलेला किंवा वयस्क कुत्रा : 1.2 ते 1.4
मोकळा फिरणारा, रात्री राखण करणारा कुत्रा : 1.6 ते 1.8
मेंढरांबरोबर दिवसभर चालणारा कुत्रा : 2 ते 3
गाभण कुत्री, शेवटचे तीन आठवडे : सुमारे 3
दूध पाजणारी कुत्री : 4 ते 6, पिल्लांच्या संख्येप्रमाणे
दूध तुटल्यापासून चार महिन्यांपर्यंतचे पिल्लू : 3
चार महिन्यांपासून पूर्ण वाढ होईपर्यंत : 2

मळ्यावर मोकळ्या असणाऱ्या राखणीच्या कुत्र्यासाठी 1.8 हा गुणक धरून तयार केलेला तक्ता पुढे दिला आहे.

8 किलो वजन : मूळ गरज 330, रोजचा आहार 600 उष्मांक
12 किलो वजन : मूळ गरज 450, रोजचा आहार 810 उष्मांक
16 किलो वजन : मूळ गरज 560, रोजचा आहार 1010 उष्मांक
20 किलो वजन : मूळ गरज 660, रोजचा आहार 1190 उष्मांक
25 किलो वजन : मूळ गरज 780, रोजचा आहार 1410 उष्मांक
30 किलो वजन : मूळ गरज 900, रोजचा आहार 1615 उष्मांक

8 किलो व 16 किलो या दोन ओळींची तुलना करावी. वजन दुप्पट आहे, परंतु आहार दुप्पट नाही. म्हणून “मोठ्याला दोन तर धाकट्याला एक” हा नेहमीचा हिशेब धाकट्या कुत्र्यावर अन्याय करणारा ठरतो.

चौथी पायरी : उष्मांकांची भाकरी

उष्मांक ताटलीत वाढता येत नाहीत. भाकरी वाढता येते. यास्तव घरची भाकरी किती उष्मांकांची आहे हे एकदा काढून ठेवावे. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 340 उष्मांक असतात. गहू व तांदूळ यांचेही कोरड्या वजनावर जवळपास इतकेच. एक किलो पिठात म्हणजे 3400 उष्मांक आले. एक किलो पिठाच्या घरात किती भाकऱ्या होतात ते मोजावे व 3400 ला त्या संख्येने भागावे. 12 भाकऱ्या होत असल्यास एका भाकरीत सुमारे 280 उष्मांक. पातळ भाकरी करणाऱ्या घरात एका किलोत 16 होत असतील, तर एकीत 210 च आहेत.

आता नेहमीचा प्रकार पाहू. 16 किलोच्या कुत्र्याला सकाळी एक व रात्री एक अशा दोन पातळ भाकऱ्या व त्यावर पाणीदार ताक घातले जाते. दोन भाकऱ्यांचे 420 उष्मांक झाले. ताकातून मिळणारे फारच थोडे. या कुत्र्याची निवांत पडून राहण्याची गरजच 560 आहे आणि राखण करावयाची तर 1010 हवेत. दोन भाकऱ्यांत त्याचे अर्धे पोटही भरत नाही. उरलेले तो बाहेर शोधतो, आणि तो कोठे शोधतो हे वर आलेच आहे.

शिजविलेल्या भाताविषयी एक सूचना आवश्यक आहे. भातात पाण्याचा अंश मोठा असल्याने शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 120 ते 130 उष्मांकच असतात. ताटली भरलेली दिसते, पण शक्ती कमी असते. हिशेब नेहमी कोरड्या तांदळाच्या वजनावर करावा. तसेच कच्चे पीठ पाण्यात कालवून घालू नये. शिजविलेले पिष्टमय अन्न कुत्र्याला चांगले पचते, कच्चे नीट पचत नाही. लांडग्यापासून कुत्रा वेगळा झाला त्या ओघात पिष्ट पचविण्याची शक्ती त्याच्यात वाढली, असे स्वीडनमधील संशोधकांनी 2013 साली दोघांच्या जनुकांची तुलना करून दाखविले. माणसाच्या भाकरीवर राहण्यास कुत्रा योग्य आहे, हे यावरून स्पष्ट होते. केवळ भाकरीवर मात्र नव्हे.

भाकरीला जोड कशाची

ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने असली तरी त्यांत लायसिन हा घटक कमी पडतो, आणि कॅल्शियम तर फारच थोडे असते. म्हणून भाकरीला अंडे, डाळ, दही किंवा शिजविलेले मांस यांची जोड द्यावी. 16 किलोच्या राखणीच्या कुत्र्यासाठी एका दिवसाचा नमुना पुढीलप्रमाणे आहे.

ज्वारीचे पीठ 200 ग्रॅम, भाकरीच्या रूपात : 680 उष्मांक
तूरडाळ किंवा मूगडाळ 30 ग्रॅम, बिनमसाल्याची शिजवून : 100 उष्मांक
उकडलेले अंडे एक : 70 उष्मांक
गाईचे दूध किंवा दही 100 ग्रॅम : 65 उष्मांक
खाद्यतेल दोन लहान चमचे, म्हणजे 10 ग्रॅम : 90 उष्मांक
एकूण : 1005 उष्मांक

यातून सुमारे 36 ग्रॅम प्रथिने मिळतात. वाढ पूर्ण झालेल्या या वजनाच्या कुत्र्याला ती पुरेशी आहेत. अंड्याचे टरफल टाकून देऊ नये. ते उकळून, वाळवून, बारीक दळून ठेवावे. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. अर्ध्या टरफलाची पूड या कुत्र्याच्या एका दिवसाला पुरे होते.

तालुक्यातील अनेक घरे शाकाहारी आहेत. त्यांनी अंड्याऐवजी दह्याचे प्रमाण दुप्पट करावे आणि कॅल्शियमसाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्यांचे खनिज मिश्रण द्यावे. घरगुती आहारात जस्त, तांबे व आयोडीन यांसारखी खनिजे आणि काही जीवनसत्त्वे कमी पडू शकतात. सबब मांसाहारी घरांनीही हा सल्ला घेणे हिताचे आहे. गाई-म्हशींचे खनिज मिश्रण मात्र अंदाजाने कुत्र्याला घालू नये. काही मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही व जुलाब होतात. अशांना दही मानवते.

बाजारातील तयार कोरडे खाद्य वापरणाऱ्यांनी पिशवीवर 100 ग्रॅमला किती उष्मांक लिहिले आहेत ते पाहावे. ते 350 असल्यास 1010 उष्मांकांसाठी सुमारे 290 ग्रॅम खाद्य लागेल. त्याच्या जोडीला भाकरी घातल्यास तेवढे खाद्य कमी करावे.

आहार दिवसातून दोन वेळा, ठरलेल्या वेळी द्यावा. अर्ध्या तासात जे उरेल ते उचलावे. उघड्यावर पडून राहिलेल्या अन्नाने उंदीर व मोकाट कुत्री गोळा होतात.

गाभण व व्यालेली कुत्री

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो. पहिल्या सहा आठवड्यांत आहार नेहमीएवढाच ठेवावा. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्ले झपाट्याने वाढतात, म्हणून आहार हळूहळू वाढवीत न्यावा. गर्भाशयाचा भार जठरावर येत असल्याने ती एका वेळी फार खाऊ शकत नाही; तीन किंवा चार वेळा थोडे थोडे द्यावे.

खरी कसोटी व्याल्यानंतर लागते. 16 किलोच्या कुत्रीला चार पिल्ले असल्यास पहिल्याच आठवड्यात मूळ गरजेच्या चौपट, म्हणजे 2240 उष्मांक लागतात. नेहमीच्या आहाराच्या ते दुपटीहून अधिक आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही गरज पाचपटीच्या वर जाते. अशा कुत्रीला नेहमीच्या दोन भाकऱ्या घातल्यास ती स्वतःच्या अंगातील मांस झिजवून दूध देते, आणि तेही संपले म्हणजे दूध आटते. म्हणून या काळात तिच्यापुढे आहार मोजून नव्हे, तर तिला खाववेल तितका, दिवसातून चार वेळा ठेवावा. त्यात अंडी, डाळ व तेल यांचा भाग वाढवावा आणि स्वच्छ पाणी सदैव जवळ ठेवावे. व्यालेली कुत्री अंग ताठ करून थरथरू लागल्यास तिच्या रक्तातील कॅल्शियम कमी झाल्याचा संभव असतो. अशा वेळी तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. विलंब जिवावर बेततो.

पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली म्हणजे दुधात किंवा डाळीच्या पाण्यात कुस्करलेली मऊ भाकरी त्यांच्यापुढे ठेवण्यास आरंभ करावा. दोन महिन्यांच्या 3 किलोच्या पिल्लाची मूळ गरज 160 व रोजचा आहार तिप्पट, म्हणजे 480 उष्मांक होतो. एवढासा जीव मोठ्या कुत्र्याच्या निम्मे खातो, याचे नवल वाटू नये. त्याला अंग उभारावयाचे असते. हा आहार चार वेळांत विभागावा. पिल्लाचे वजन दर आठवड्याला करून पुन्हा हिशेब मांडावा.

मेंढपाळाचा कुत्रा

सुगीनंतर मोकळ्या झालेल्या रानांत खतासाठी मेंढरे बसविण्याची चाल या भागात जुनी आहे. कळपाबरोबरचा कुत्रा दिवसा चालतो व रात्री वाड्याभोवती जागतो. 20 किलोच्या अशा कुत्र्याची मूळ गरज 660 आणि अडीच पटीने 1650 उष्मांक होते. नुसत्या भाकरीने हे भागवावयाचे तर जवळजवळ सहा भाकऱ्या लागतील, व एवढा भारा पोटात घेऊन त्याला चालवणार नाही. चार भाकऱ्या, दोन अंडी व 40 ग्रॅम तेल किंवा चरबी एवढ्यात सुमारे 1630 उष्मांक भरतात. दीर्घकाळ चालणाऱ्या कुत्र्याचे शरीर स्निग्ध पदार्थांपासून शक्ती घेण्यात तरबेज असते. तेल मात्र एकदम न वाढविता आठवडाभरात हळूहळू वाढवावे, अन्यथा पोट बिघडते. मुख्य आहार संध्याकाळी, चालणे संपून थोडी विश्रांती झाल्यावर द्यावा.

मेंढी मेली किंवा कापली म्हणजे तिची फुफ्फुसे, काळीज व आतडी कुत्र्यापुढे टाकण्याची सवय अत्यंत घातक आहे. मेंढीच्या काळजात व फुफ्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी असतात. कच्च्या गाठी कुत्र्याने खाल्ल्यास त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर व पाण्यात पडतात. ती मेंढीच्या पोटात जाऊन पुन्हा गाठी होतात, आणि कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवावयास बसलेल्या मुलाच्या पोटात गेल्यास त्याच्याही काळजात वा फुफ्फुसात तशाच गाठी वाढतात. त्या वर्षानुवर्षे कळत नाहीत व अखेरीस शस्त्रक्रियेची पाळी येते. दुसऱ्या एका जातीच्या पट्टकृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होते आणि ती कळपातून बाजूला पडून एकाच दिशेने गोल फिरू लागते. या मेंढीचा रोगही कुत्र्याच्याच पोटातून आलेला असतो.

यास्तव असे अवयव कुत्र्याला कधीही कच्चे घालू नयेत. द्यावयाचेच असल्यास लहान तुकडे करून किमान अर्धा तास उकळावेत. गाठी दिसणारे अवयव खोल पुरावेत. जंतनाशक औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या वेळापत्रकाप्रमाणे द्यावे. कुत्र्याला भरपेट भाकरी घालणे हा मेंढपाळाच्या मुलाबाळांच्या आरोग्याचाच एक उपाय आहे, हे ध्यानी घ्यावे.

काय घालू नये

शेजारच्या सांगली-तासगाव पट्ट्यात द्राक्षे व बेदाणा विपुल पिकतो, व तो घरोघरी असतो. द्राक्षे व बेदाणे यांनी काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होते. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे याचे कारण असावे, असे 2021 पासून मानले जात आहे. हेच आम्ल चिंचेतही असते. म्हणून चिंचेची आमटी कुत्र्याच्या भाकरीवर ओतू नये. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. सबब कांदा-लसणाच्या चटणीचे, कालवणाचे वा रश्श्याचे उरलेले अन्न त्याला देऊ नये. चॉकलेटही विषारी आहे. कोंबडीची शिजलेली हाडे फुटून टोकदार होतात व घशात किंवा आतड्यात रुततात.

नृसिंहवाडीस येणारे भाविक प्रेमाने कुत्र्यांना पेढे व बर्फी घालतात. 100 ग्रॅम पेढ्यात सुमारे 400 उष्मांक असतात. 8 किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा दोन तृतीयांश भाग त्यात संपतो. श्रद्धेने काही घालावयाचेच तर कोरडी भाकरी घालावी. कुत्र्याच्या दृष्टीने ते अधिक पुण्याचे ठरेल.

पाणी

कुत्र्याला रोज किलोमागे 50 ते 60 मिलीलिटर पाणी लागते. 16 किलोच्या कुत्र्याला सुमारे एक लिटर झाले. उन्हाळ्यात, कामात व दूध पाजताना ते बरेच वाढते. पाण्याचे भांडे सावलीत ठेवावे व दररोज धुवावे.

पुराच्या दिवसांची तरतूद

शिरोळ तालुक्याने 2005, 2019 व 2021 साली महापूर अनुभवला. अशा वेळी जनावरे हलविण्याची घाई असते व कुत्र्याचा विचार शेवटी होतो. पावसाळ्याच्या आरंभीच त्याच्यासाठी वेगळी पिशवी भरून ठेवावी. स्थलांतरात कुत्रा बांधलेला असल्याने 1.6 हा गुणक पुरे. 16 किलोच्या कुत्र्याला रोज 900, म्हणजे आठ दिवसांस 7200 उष्मांक लागतील. सव्वादोन किलो ज्वारीचे पीठ किंवा तितकेच तयार कोरडे खाद्य त्यास पुरते. जोडीला आठ लिटर स्वच्छ पाणी, एक दोरी व लसीकरणाची नोंद असावी. पुराचे पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होण्याचा संभव असतो व तो माणसांसही होतो.

अनेक दिवस उपाशी राहिलेला कुत्रा सापडल्यास त्याला एकदम पोटभर घालणे धोक्याचे असते. पहिल्या दिवशी मूळ गरजेच्या चौथा ते तिसरा हिस्सा, तोही चार-पाच वेळांत, द्यावा. चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ण आहारावर आणावे, व शक्य तेथे पशुवैद्यकास दाखवावे.

हिशेब बरोबर आहे की नाही

सूत्राने आलेला आकडा हा आरंभ होय. एकाच वजनाच्या व एकाच कामाच्या दोन कुत्र्यांच्या गरजेत बरेच अंतर पडू शकते. म्हणून आहार सुरू केल्यानंतर दर दोन आठवड्यांनी कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून पाहावे. फारसा दाब न देता बरगड्या बोटांना लागल्या, वरून पाहता कंबर थोडी आत दिसली व बाजूने पाहता पोट मागे वर चढलेले दिसले, तर आहार योग्य आहे. बरगड्या, कण्याचे मणके व नितंबाची हाडे दुरूनच दिसत असतील, तर आहार एक दशांश वाढवावा. बरगड्या दाबूनही लागत नसतील व कंबर नाहीशी झाली असेल, तर एक दशांश कमी करावा. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करावे. पुरेसे खाऊनही कुत्रा वाळत असल्यास त्याला जंत किंवा अन्य रोग असण्याचा संभव आहे. तेथे भाकरी वाढविणे हा उपाय नव्हे. त्याला दवाखान्यात न्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हे काम करण्यास खर्च लागत नाही. वरील तक्ता दूध संस्थेच्या भिंतीवर काट्याशेजारी लावावा. दूध घालावयास येणाऱ्या शेतकऱ्यांस आपला कुत्रा एकदा काट्यावर आणण्यास सांगावे व वजन, मूळ गरज, गुणक आणि भाकऱ्यांची संख्या या चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. हिशेब घरातील गृहिणीसमोर मांडावा, कारण कुत्र्याला भाकरी बहुधा तिच्याच हातून मिळते. त्याच वेळी रेबीजची लस दरवर्षी टोचून घेण्याची व जंतनाशकाची आठवण द्यावी. मेंढपाळांच्या वाड्यावर जाण्याचा प्रसंग येईल तेव्हा कच्च्या काळजा-फुफ्फुसाचा विषय आवर्जून काढावा.

मळ्यावरील कुत्रा वर्षभर जी राखण करतो, तिच्या मोबदल्यात दिवसाला दोनशे ग्रॅम पीठ, मूठभर डाळ व एक अंडे हा खर्च मोठा नाही. एक कोल्हा एका रात्रीत जेवढ्या कोंबड्या नेतो, तेवढ्यांच्या किमतीत हा आहार बरेच दिवस चालतो.